गुडघ्यातला उतार

सकाळी पावणेसात

गुरुवार. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना आज साप्ताहिक सुट्टी, आणि महावितरणचा देखभाल-दुरुस्तीचा वारही आजच. म्हणजे ज्या दिवशी माणसाला आपलं कुत्रं डॉक्टरकडे न्यायला सवड मिळते, नेमकी त्याच दिवशी वीज जाते. खरं तर गुरुवारी हाडाचं ऑपरेशन ठेवूच नये. पण मालक ऐकत नाहीत. ‘मॅडम, बाकीच्या वारी रजा टाकावी लागते, गुरुवारीच घ्या ना,’ हे ठरलेलं वाक्य. तेव्हा बुधवारी रात्री जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते बघायचं, करवतीच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या आणि गुरुवारी गुडघे उघडायचे, अशी आमची घडी बसलेली आहे.

वॉर्डात कालची रॉटवायलर मादी उठून बसलीय. तिचा ताप, टाके, सूज बघितली. मूत्राशय चाचपलं. पाठीच्या कण्यात मॉर्फिन दिलं की दुखणं छान थांबतं, पण काही कुत्र्यांना नंतर लघवीच होत नाही, आणि तुंबलंय हे त्यांना सांगताही येत नाही. हिला झालेली दिसते, फडकं ओलं आहे. बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं गुडघ्यावर धरली. मग पोटाखालून पट्टा घालून तिला अंगणात नेलं. तिने पाय टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. नखं जमिनीला लागली, आजच्यापुरतं एवढं बस्स.

साडेआठ

ओपीडी. चाकणकडे कामाला असणारे रात्रपाळी संपवून थेट येतात. युनिफॉर्म अंगावर, पायात सेफ्टी शूज, डोळे तांबारलेले. आजचा पहिला जर्मन शेफर्ड, पाच वर्षांचा. ‘मागचा पाय उचलतोय, लिगामेंट गेलंय असं नेटवर दाखवतंय.’

लंगडणारं कुत्रं मी आधी टेबलावर घेतच नाही. आधी चालताना बघते, मग बसताना. गुडघा दुखणारं कुत्रं सरळ बसत नाही. दुखरा पाय बाजूला काढून एका कुशीवर, ओटीवर टेकल्यासारखं बसतं. मग मागे उभं राहून दोन्ही मांड्या एकाच वेळी हातात घ्यायच्या. जुनं दुखणं असेल तर एक मांडी बारीक झालेली हाताला लगेच कळते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाड, टणक गठ्ठा लागतो. शरीराने सैल सांध्याला आधार द्यायला स्वतःच घातलेला तो भराव असतो. शेवटी एका हातात मांडीचं हाड, दुसऱ्या हातात नडगीचं हाड धरून नडगी पुढे ओढून बघायची. टेबलाचा खण उघडावा तशी ती पुढे आली तर प्रश्न मिटला. पण जागं, घाबरलेलं, चाळीस किलोचं कुत्रं स्नायू असे आवळून धरतं की तुटलेलं लिगामेंटसुद्धा शाबूत वाटावं. मग भूल द्यावीच लागते.

या शेफर्डचे दोन्ही गुडघे सुजलेले होते. पुढच्या पायांचे सांधेही. अंगात १०४ ताप, हिरड्या फिकट, कानामागे गोचिडी. पावसाळा सरताना आमच्याकडे हेच पीक येतं. रक्त तपासलं, प्लेटलेट्स पार खाली गेलेल्या. गोचीडताप. सांधे त्यामुळेच धरलेत, लिगामेंटचा काही संबंध नाही. याला आज कोणी चिरलं असतं तर रक्त थांबवताना नाकी नऊ आले असते. चार आठवड्यांचं औषध लिहून दिलं.

‘मॅडम, दुखत होतं म्हणून काल मेडिकलमधून माणसाचीच गोळी आणून अर्धी दिली,’ मालक जाता जाता म्हणाले. मी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही आपल्या घराघरातली औषधं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंड बिघडवतात. प्लेटलेट्स नसलेल्या कुत्र्यात तर विचारायलाच नको. जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ सालीच बंद झालं, तेही गिधाडांपायी. औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन ती पटापट मरत होती. मेडिकलच्या काउंटरवरचं माणसांचं मात्र तिथेच आहे, आणि कुत्र्याच्या मालकाचा हात तिथवर सहज पोचतो.

मग एक पॉमेरेनियन, वाटी सरकणारा. दोन लसीकरणं. एक पग, ज्याला काहीही झालेलं नव्हतं.

दहा

ब्रूनो काल रात्रीपासून उपाशी आहे, त्यामुळे चिडलाय. पिवळसर लॅब्रॅडॉर, सात वर्षांचा, वजन ३८ किलो. असायला हवं ३० च्या आसपास. लॅबची भूक हा नुसत्या लाडाचा मामला नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्यांना पोट भरल्याचं नीट कळत नाही. ब्रूनोच्या घरी त्याच्या जोडीला आजीही आहेत. त्या सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर त्याला बिस्किटं घालतात. ‘तो माझ्याकडे बघतो ना गं!’ एवढंच त्यांचं म्हणणं.

मालक चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. एक्स-रे लावला तसे ते पुढे सरकले. ‘तुटलेलं कुठंय?’

तुटलेलं एक्स-रेत दिसत नाही. लिगामेंट म्हणजे हाड नव्हे. दिसतं ते एवढंच: सांध्यात पाणी भरलंय, वाटीमागची चरबी पुढे ढकलली गेलीय, कडेला हाडाची टोकं वाढू लागलीत. आणि आणखी एक गोष्ट दिसते, जिच्यासाठी मी हा फोटो काढलाय. नडगीच्या हाडाचा माथा सपाट नसतो, मागे उतरता असतो. माणसात हा उतार सात ते दहा अंश. कुत्र्यात पंचविसाच्या आसपास. ब्रूनोचा २६.

इथे मी सगळ्यांना घाटातला ट्रक सांगते. हे उदाहरण माझं नाही. ज्याने हे ऑपरेशन शोधलं त्या बार्कले स्लोकमनेही उतारावरच्या गाडीचंच उदाहरण दिलं होतं. मी फक्त गाडी बोरघाटात आणून उभी केली. ट्रक चढावर उभा आहे, पुढून दोराने बांधलाय, मागच्या चाकाला दगड लावलाय. दोर म्हणजे लिगामेंट. दगड म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, मेनिस्कस. कुत्रं पाय टेकतं तेव्हा दर पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरायला बघतं आणि दोर त्याला धरून ठेवतो. वर्षानुवर्षं ताण खाऊन दोर एकेक धाग्याने विरत जातो आणि एक दिवस बागेत चेंडूमागे धावताना सुटतो. लोकांना वाटतं चेंडूमुळे झालं. मग सगळं वजन दगडावर येतं आणि तो चिरडतो.

‘मग दोरच नवीन टाका,’ ते म्हणाले. ‘क्रिकेटवाल्यांचं करतात तसं.’

करून बघितलंय लोकांनी. कुत्र्यातली ही इजा १९२६ साली कार्लिन यांनी पहिल्यांदा नोंदवली. १९५२ मध्ये फिनलंडच्या पात्सामांनी मांडीच्या स्नायूवरच्या जाड आवरणाची पट्टी सांध्यातून ओवून नवा दोर बनवला. १९७० मध्ये डिअँजेलिस आणि लाऊ यांनी सांध्याच्या बाहेरून दोरा बांधायची युक्ती काढली. ती अजून वापरात आहे, आणि लहान कुत्र्यांत मीही तीच करते. जाड मासेमारीची नायलॉन दोरी त्यासाठी चालते हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. पण ३८ किलोचा लॅब दर पावलाला तो दोर ताणणार. उतार तसाच ठेवून दोर बदलत बसायचं, की उतारच काढून टाकायचा? स्लोकमने १९९३ मध्ये दुसरी वाट धरली. हाडाचा माथा गोल करवतीने कापायचा, फिरवून जवळपास सपाट करायचा आणि प्लेट लावून तिथेच पक्का करायचा. टीपीएलओ. लिगामेंटला हातही लावायचा नाही, त्याचं कामच संपवायचं. पुढे २०१३ साली दोन्ही पद्धतींची रीतसर तुलना झाली तेव्हा टीपीएलओची कुत्री लवकर आणि चांगली चालायला लागलेली दिसली.

ज्या गावात जिग-फिक्स्चर हा शब्द दहावी नापास पोरालाही ठाऊक असतो, तिथे हे ऑपरेशन समजावणं सोपं जातं. पुण्यात पेठेतल्या मालकांना सांगताना मला कागदावर चित्र काढावं लागतं. इथे ब्रूनोच्या मालकांनी फोनवर हिशेबच मांडला.

‘करवतीची त्रिज्या?’

‘चोवीस.’

‘सव्वीसचे किती करणार?’

‘सहा. म्हणजे वीस अंश फिरवायचं.’

‘आठ पॉइंट चार येतंय.’

माझ्या तक्त्यात ८.३ होतं. तक्ता सरळ अंतर धरतो, त्यांनी कमानीवरून मोजलं होतं. हेही त्यांच्याच लक्षात आलं. ‘टॉलरन्स?’ त्यांचा पुढचा प्रश्न. अर्धा मिलिमीटर चुकला तर सव्वा अंशाचा फरक, तेवढा चालतो, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला. ते मायक्रॉनमध्ये जगणारे.

पैशांचं बोलणं याच टेबलावर होतं आणि ते मी टाळत नाही. या खर्चात बऱ्यापैकी सेकंडहँड दुचाकी येते. भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्या मालकांनी मला मागे प्लेट हातात घेऊन उलटसुलट करत विचारलं होतं, ‘ही आम्हीच व्हीएमसी मशीनवर काढून देऊ का, निम्म्यात?’ काढता येईल, त्यात शंका नाही. स्लोकमच्या पेटंटची मुदत संपल्यावर जगभरात अनेकांनी प्लेटा काढल्याच. पण ३१६ एल स्टीलचा कच्चा माल, भोकातले लॉकिंग आटे, पृष्ठभागाची प्रक्रिया आणि प्रत्येक तुकड्याचा माग लागेल अशी नोंद हे सगळं करत गेलं की निम्म्यातलं निम्मं उरत नाही. त्यांना ते पटलं. वर्कशॉपवाल्यांना पटतं.

साडेदहा ते पाऊण

शिरेतून प्रोपोफोल, श्वासनलिकेत नळी, आयसोफ्लुरेनवर ठेवलं. कण्यात भुलीचं इंजेक्शन. चामडीला सुरी लावायच्या अर्धा तास आधी सेफाझोलिन, आणि ऑपरेशन लांबलं तर दीड तासाने पुन्हा. पाय घोट्यापासून मांडीपर्यंत भादरला, वर टांगला, क्लोरहेक्सिडीनने घासघासून धुतला. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. हात धुवायच्या बेसिनवर वेगळी टाकी बसवलीय, ती यासाठी.

आधी सांधा उघडून आत बघायचं. पुढचं लिगामेंट जवळजवळ पूर्ण तुटलेलं, उरलेले धागे पिवळट, मऊ. बारीक आकड्याने आतल्या बाजूची गादी उचलून बघितली. तिचा मागचा काठ फाटून बादलीच्या कडीसारखा सुटा झालेला होता आणि सांध्यात पुढे आला होता. हीच ती गोष्ट. मालक सांगतात ना, ‘चालताना टक् आवाज येतो’, तो हिचा. सुटा तुकडा कापून काढला. हा राहिला तर वर कितीही सुंदर प्लेट बसवा, कुत्रं लंगडतंच.

करवत लावायच्या आधी वीज गेली. भुलीच्या मशीनला वायूचा दाब पुरतो, मॉनिटर बॅटरीवर राहिला, दिवा क्षणभर गेला आणि खाली जनरेटर धडधडायला लागला. आमच्या असिस्टंटने नुसतं घड्याळ बघितलं. वीज जाणार अशी तो रोज माझ्याशी पैज मारतो आणि गुरुवारी जिंकतो.

करवत गोल असते, अर्ध्या वाटीच्या आकाराची. ती हाडावर टेकली की एकाने सतत थंड सलाइन सोडत राहायचं. हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि मग कापलेलं जुळत नाही. इथे घाई करणारा सर्जन मला आवडत नाही. चांगली करवत आपल्या वजनाने जाते, दाबावी लागत नाही. मागच्या बाजूने जाणाऱ्या धमनीला ओल्या कापडाचा आडोसा केलेला असतो. कापून झालं की वरचा तुकडा पिनेने धरून फिरवायचा. आधीच हाडावर ८.३ अंतराने दोन खुणा केलेल्या असतात. वरची खूण खालच्या खुणेला आली की थांबायचं. तात्पुरती पिन. मग प्लेट.

भोक पाडणं, खोली मोजणं, स्क्रू बसवणं. शेवटचे आटे टॉर्क लिमिटरने, दीड न्यूटन-मीटरला तो कट्ट करून निसटतो. हा आवाज ब्रूनोच्या मालकांनी बाहेरून ऐकला असता तर ओळखला असता. बंद करण्याआधी दोन चाचण्या करून बघते. नडगी हाताने पुढे ओढली तर अजूनही येते, कारण लिगामेंट नाहीच. पण घोटा वाकवून, पाय टेकल्यासारखा दाब दिला तर हाड जागचं हलत नाही. बाहेरगावचा डॉक्टर पहिली चाचणी करून ‘ऑपरेशन फेल गेलंय’ म्हणाला, असे फोन मला येतात. कुत्रं मात्र तोवर धावत असतं.

ऑपरेशननंतरचा फोटो: सहा अंश. मालकांना पाठवला. त्यांनी फक्त अंगठा दाखवला आणि खाली विचारलं, ‘स्क्रूची लांबी कशी ठरवली?’

दोन

डबा उघडते तोवर मांजर आलं. मोशीच्या एका टॉवरमधून, सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून पडलेलं. कबुतराच्या मागे. उंच इमारती झाल्या की मांजरं पडायला लागतात हे न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८७ मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडे आता मोशी, पुनावळे, वाकड झालं. त्यातली बहुतेक वाचतात, हेही त्यांनी लिहिलंय.

हे वाचलंय. छाती, मूत्राशय, जबडा ठीक. डावा गुडघा सैल. बाकीची लिगामेंटं शाबूत, फक्त पुढचं गेलंय. मालकीणबाई तयारीनेच आल्या होत्या. ‘कुत्र्याला प्लेट लावता तशी हिलाही लावाल ना?’

नाही. मांजराच्या गुडघ्याचं गणित वेगळं आहे. कुत्र्याचं लिगामेंट झिजून जातं, मांजराचं बहुतेकदा पडून-झडून. वजन चार किलो. पिंजऱ्यात किंवा एका खोलीत काही आठवडे बंद, उड्या बंद, वजनावर लक्ष, आणि बरीच मांजरं चाकू न लावता चांगली चालायला लागतात. दुसरी गोष्ट, मांजराचं हृदय बाहेरून ठणठणीत वाटलं तरी आतून भिंत जाड झालेली असू शकते आणि भुलीत ती घात करते. गरज नसताना मी भूल देत नाही. बाई जराशा नाराज झाल्या. फुकटात बरं होणाऱ्या दुखण्यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

तापाची गोळी देऊ नका, हे मात्र दोनदा सांगितलं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

तीन

चाकणला निघाले. मोशी ओलांडली की पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनरची रांग सुरू होते आणि तळेगाव चौकात ती गोठते. बाजूलाच संग्रामदुर्गाचे अवशेष. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाची फौज इथे दोन महिन्यांच्या आसपास अडवून धरली होती. मी मालकांना आठ आठवडे कुत्रं पट्ट्यावर ठेवा म्हणते तेव्हा ते ‘एवढे दिवस?’ म्हणतात. चौकात अडकले की मला फिरंगोजी आठवतात.

निघोज्याकडच्या एका कारखान्याच्या गेटवर काळा-पांढरा गावठी कुत्रा आहे. त्याला ट्रेलरने उडवलं होतं. त्याचा गुडघा नुसता सैल नव्हता, पुढचं-मागचं दोन्ही लिगामेंट आणि आतल्या कडेचंही गेलं होतं, सांधा निखळून लोंबत होता. अशा कुत्र्याला टीपीएलओचा उपयोग नसतो. टीपीएलओ एकच दोर तुटलेल्या, घरात राहणाऱ्या, पट्टा गळ्यात घेणाऱ्या कुत्र्याचं ऑपरेशन आहे. इथे पर्याय तीन होते: बाहेरून सळ्यांची चौकट लावून सांधा धरून ठेवायचा आणि कडेची लिगामेंटं शिवायची, सांधा कायमचा सरळ जोडून टाकायचा, किंवा पाय काढायचा. तीन पायांवर कुत्रं छान जगतं, पण महामार्गाच्या कडेला नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी केलेलं भटकं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. या कुत्र्याचं ‘तिथेच’ म्हणजे हे गेट आणि समोरचा रस्ता. म्हणून चौकट लावली.

पुढची काळजी कोण घेणार, हा खरा प्रश्न होता. तो सिक्युरिटीवाल्यांनी सोडवला. गेटवर इनवर्ड-आउटवर्डचं रजिस्टर असतंच. त्याच्या शेवटच्या पानांवर त्यांनी कुत्र्याची नोंद सुरू केली. तिन्ही पाळ्यांचे गार्ड सही करतात: ‘६.१० बाहेर, ६.१६ आत, लघवी झाली. सळीला पाणी येत नाही.’ ‘१४.२० गोळी दिली, पोळीत.’ एका नोंदीत लाल शाईने: ‘रात्री २.४० मांजरामागे ओढ घेतली, सोडले नाही.’ बंगल्यांतल्या सुशिक्षित मालकांकडून मला इतकी नेमकी माहिती कधी मिळत नाही. ‘थोडं फिरवलं मॅडम, थोडंसंच’ यापुढे त्यांची गाडी जात नाही.

सळ्यांच्या मुळाशी स्वच्छ केलं, फोटो गाडीतल्या मशीनने काढला. सांधा धरतोय.

परतताना महाळुंग्याच्या अलीकडे एका शेतकऱ्याने हात केला. गाडीवरचं चिन्ह बघून. ‘ताई, जरा बैल बघा. मागचा पाय मागंच अडकतुया, झटका दिला की सुटतुया.’ मी आता लहान प्राण्यांचीच डॉक्टर आहे, पण परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेल्या माणसाचा हात बैल दिसला की थांबत नाही. १८८६ पासून ते कॉलेज गुरा-घोड्यांवरच उभं राहिलं.

बैलाची वाटी वर चढून मांडीच्या हाडाच्या खुंटीवर अडकत होती. पाय ताठ मागे राहायचा, खूर घासत जायचा. इलाज दोन मिनिटांचा आहे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुन्न करणारं इंजेक्शन, छोटीशी चीर, आणि वाटीचं आतलं लिगामेंट कापून टाकायचं. सकाळभर मी तुटलेल्या लिगामेंटमागे घाम गाळला होता आणि इथे धडधाकट लिगामेंट मुद्दाम तोडायचं होतं. पेटी गाडीत होती. बैल दोन पावलं गेला, तिसरं पाऊल सरळ पडलं. शेतकऱ्याने पैशाचं विचारलं नाही, कांद्याची अर्धी गोणी मागच्या सीटवर टाकली. गोणी सीटवर सांडली ती वेगळीच.

साडेसहा

आता फेरतपासण्या. आठ आठवडे झालेली गोल्डन रिट्रीव्हर: हाड जुळलं, काप पुसट झालाय. तिच्या घरात गुळगुळीत टाइल्स आहेत, पोट घासत घसरायची. मालकांनी कंपनीच्या भंगारातून कन्व्हेयर बेल्टचे जुने तुकडे आणून हॉलभर अंथरले. हॉल गोदामासारखा दिसतो म्हणे, पण कुत्री घसरत नाही. बाजारातल्या रंगीत मॅटपेक्षा मला हे पटलं.

नंतर एक बॉक्सर, दीड वर्षापूर्वी उजवा गुडघा केलेला, आता डाव्याने लंगडतोय. मालक हताश. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं: निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुढेमागे जातो, कारण रोग गुडघ्याचा नाही, लिगामेंटच्या प्रतीचा आहे, आणि ती दोन्हीकडे सारखीच असते. सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. मीही त्यांच्या जागी विसरले असते. याचं लिगामेंट अर्धवट तुटलंय. वजन आधी चार किलो उतरवा, मग बघू, असं ठरलं.

साडेनऊ

ब्रूनो शुद्धीवर येऊन आता दाराकडे तोंड करून कण्हतोय. दुखण्याने की भुकेने, हे ठरवायला हात लावून बघावं लागलं. जखमेभोवती दाबलं तर काही बोलला नाही. भाताचा वाडगा दाखवला तर उठून बसला. भूक.

डिस्चार्जचा कागद लिहितेय तेवढ्यात त्याच्या मालकांचा फोन. ‘मॅडम, उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे, अकराच्या आत सोडाल ना? आणि चालवण्याचं शेड्यूल मेसेज करा, मी एक्सेलमध्ये टाकून फ्रिजवर लावतो.’

सांगितलं. पहिले दोन आठवडे पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, फक्त शी-शूपुरतं, पट्टा आखूड. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. जिना नाही, सोफा नाही, पाहुणे आले तर खोलीत. बाराव्या दिवशी टाके. आठव्या आठवड्याला फोटो.

‘सगळं दोन कॉलममध्ये बसतंय,’ ते म्हणाले.

‘तिसरा एक घाला,’ मी म्हटलं. ‘बिस्किटांचा. आणि त्यावर आजींची सही घ्या.’